लाल दोरी, पांढरी दोरी

दत्तू गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी कचेरीत एका अर्जाची साफ नक्कल करत बसलो होतो. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचायच्या आधीच काय ते कळलं. देवासहून त्याच्या मेहुण्याने लिहिलं होतं, चार दिवसांचा ताप, पाचव्या दिवशी सकाळी. मी ते कार्ड दौतीखाली ठेवलं आणि हातातलं पान पुरं केलं. शेजारच्या कारकुनाने विचारलं, "कुणाचं?" म्हटलं, "देवासचं." "काही विशेष?" म्हटलं, "नाही." संध्याकाळी घरी जाऊन आडावर अंघोळ केली. मित्राचं सुतक नसतं हे मला ठाऊक आहे. बायकोने पाहिलं, पण काही विचारलं नाही. वीस वर्षांच्या संसारात मला काही विचारून उपयोग नसतो हे तिला कळलेलं आहे.

देवासकडचे लोक त्याला दत्तोपंत किंवा मास्तर म्हणत. आम्ही धारेत एका शाळेत, एकाच सतरंजीवर शिकलो, म्हणून मी दत्तूच म्हणत आलो आणि इथेही एकेरीच लिहितो. एका मासिकाच्या संपादकांनी त्याच्याविषयी माझ्याकडे चार ओळी मागितल्या आहेत. शब्दांचा एवढा व्यासंग असलेला माणूस माळव्यासारख्या बाजूच्या मुलखात राहिला, त्याची कुणी दखल घेतली नाही, तर बालमित्राने काही लिहावं, असं त्यांचं म्हणणं. पत्रात त्यांनी 'व्युत्पत्तिशास्त्राचे एकनिष्ठ उपासक' असं म्हटलं आहे. ते वाचून दत्तू हसला असता. आणि 'चार ओळी' हे शब्द त्यांनी सहज लिहिले असतील, पण माझा तर दोनच ओळींशी हिशोब आहे... त्या कुठल्या, ते पुढे येईल.

दत्तू देवासच्या शाळेत मराठी शिकवायचा. घर दोन खोल्यांचं, पुढे ओसरी, आणि ओसरीच्या भिंतीत दोन खुंट्या. एका खुंटीवर लाल दोरी, दुसरीवर पांढरी. रद्दी कागदाच्या चार बोटं रुंद चिठ्ठ्या करायच्या, त्यांना दाभणाने भोक पाडायचं आणि दोरीत ओवायच्या. लाल दोरीवर शब्दाची व्युत्पत्ती, म्हणजे तो शब्द कशापासून घडला, कोणाकोणाच्या तोंडातून झिजत झिजत आपल्यापर्यंत आला ते. पांढऱ्या दोरीवर उत्पत्ती, म्हणजे त्या शब्दाने जी वस्तू किंवा जो माणूस दाखवला जातो, तो मुळात आला कुठून, ते. एका चिठ्ठीवर दोन्ही गोष्टी लिहायच्या नाहीत, अगदी पाठपोटसुद्धा नाही, हा त्याचा दंडक. लाल दोरी पोथ्या वाचून भरायची. पांढरी मात्र विचारून. कुंभाराला, नालबंदाला, मुळं विकणाऱ्या भिलाला, ज्याची वस्तू त्याला. त्याचा नियमच होता, की उत्पत्ती ज्याची त्याला विचारावी.

मी एकदा म्हटलं, "दत्तू, दोन्ही एकच की. एकीकडे व्यु जास्त, एवढंच."

तो जेवायला बसला होता. पानातल्या ठेच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही मिरची. नाव कुठून आलं? मरीच. म्हणजे आपलं काळं मिरं. शब्द जुना, थेट संस्कृत, अगदी सोवळ्यातला. आणि ही बाई स्वतः कुठली? फिरंग्यांच्या जहाजातून उतरली, समुद्रापलीकडची. आता नाव पाहून तू तिला आपल्यातली म्हणशील, तर जिभेला लागायची ती लागेलच, अक्कलही जाईल."

वहिनी आतून म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मित्राला विचारा, भाकरीची व्युत्पत्ती झाली असेल तर निवायच्या आत खाणार का."

"भाकरीची उत्पत्ती मला माहीत आहे," दत्तू म्हणाला. "ती तुमच्या हातची." आणि वहिनी हसल्या. त्या घरातलं तेवढं एक हसू मला नीट आठवतं, कारण त्यानंतर मी त्या घरात फारसा हसून बसलो नाही.

संवत छप्पनच्या त्या मोठ्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी ती चौकशी निघाली. मी धारेत एका लहान जहागिरीच्या कचेरीत होतो. जहागिरीचं नाव लिहीत नाही, लेखणी माझी होती. त्या जहागिरीच्या गावात देवीचं ठाणं आहे आणि ठाण्याखाली दगडी पायऱ्यांची बावडी. नवरात्रात पहिल्या दिवशी पहाट फुटता फुटता बावडीतून पहिली घागर काढायची आणि देवीच्या पायावर ओतायची, हा मान पनिहारे नावाच्या कुळाचा होता. त्या मानापोटी बावडीकाठचं घर आणि मागचा जमिनीचा पट्टा त्यांच्याकडे. दुष्काळात पाण्याची जागा म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं होतं, तिच्यावर दुसऱ्यांचा डोळा गेला. मग ठरलं, की जी कुळं फौजेबरोबर दक्षिणेतून आली त्यांचे मान आणि घरं कायम, जी इथेच चाकरीला ठेवली त्यांची काढून घ्यायची. पनिहाऱ्यांजवळ सनद नव्हती. घरात आग लागली तेव्हा गेली म्हणत.

कारभारी मला म्हणाले, "तुमचे ते देवासचे मास्तर नावांवरून सगळं सांगतात ना? त्यांचा अभिप्राय आणा. आणि त्या म्हाताऱ्यालाही घेऊन जा, उगाच नंतर तक्रार नको."

म्हणून खंडूबाबा पनिहारे माझ्याबरोबर देवासला आला. साठीचा, काटक, खांद्याला घागरीचा घट्टा पडलेला माणूस. त्याची बोली मी विसरलेलो नाही, अर्धी घाटावरची, अर्धी माळव्याची. टांगेवाल्याला "भिया, जरा धीरे" म्हणायचा आणि मला "रावसाहेब". क्षिप्रा ओलांडताना उतरून त्याने एक ओंजळ पाणी घेतलं, दक्षिणेकडे तोंड केलं आणि सोडून दिलं. मी ते पाहिलं. दर नवरात्रात पहिली घागर ओतल्यावर तो तसंच करतो हेही पाहिलेलं होतं. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, तेव्हा पितरांचं काही असेल, असं आम्ही सगळे समजत होतो. शुभ दिवशी हे कशाला, म्हणून गुरव कुरकुरायचा. का करतोस, असं मात्र त्याला कोणी विचारलेलं नव्हतं.

त्या दुपारी दत्तूच्या ओसरीवर आम्ही दोघे तीन तास बोललो. पनिहारा हा शब्द कसा झाला, पाणी आणि वाहणारा, वगैरे. दत्तू रंगात आला होता. पोथ्या उघडल्या, मिटल्या. दक्षिणेत पाणी वाहणाऱ्याला पाणक्या म्हणतात. पनिहारा हा इकडचा, माळव्या-मारवाडाकडचा शब्द. म्हणजे हे नाव इथलंच, इथल्या लोकांनी दिलेलं, यात शंका नाही. खंडूबाबा पायरीवर बसला होता, जोडे काढून. एकदा तो म्हणाला, "रावसाहेब, एक बात सांगू का?"

मी म्हटलं, "थांब जरा बाबा. आमचं होऊ दे."

दत्तूने माझ्याकडे पाहून होकारार्थी मान हलवली. ती मान हलवणं मला नंतर फार उपयोगी पडलं. किती तरी वर्षं मी मनाशी म्हणत राहिलो, की तोही होताच की... ज्याने कुंभाराला विचारलं, भिलाला विचारलं, त्याने स्वतःच्या पायरीवर बसलेल्या माणसाला विचारलं नाही. एक शब्द हाती लागला आणि त्या आनंदात दत्तू स्वतःचा दंडक विसरला. हे खरं आहे. पण तो त्या दुपारपुरता विसरला. मी जे केलं ते विसरून केलं नाही.

दत्तूने आपला अभिप्राय पानभर बाळबोधीत लिहून दिला. शाई वाळत होती तेव्हा त्याला काही तरी टोचलं असावं, कारण त्याने कागद परत ओढून घेतला आणि खाली दोन ओळी घातल्या. मग म्हणाला, "आता बाबाला बोलव, ऐकून घेऊ." पण खंडूबाबा पायरीवर नव्हता. टांगेवाल्याला उन्हं उतरायच्या आत निघायचं होतं, तो बाबाला घेऊन घोड्याला पाणी दाखवायला गेला होता. मी म्हटलं, "वाटेत विचारीन मी." आणि वाटेत मला झोप लागली.

त्या दोन ओळी अशा होत्या: 'हे केवळ नावाविषयी झाले. कुळाची उत्पत्ति निराळी. ती नावावरून ठरत नाही, कुळास विचारावी.'

कचेरीसाठी त्या कागदाची मोडीत नक्कल करायची होती, ती मी केली. शेवटच्या दोन ओळी घातल्या नाहीत. जागा कमी होती, असं मी सांगत आलो. कारभाऱ्यांनी बजावलं होतं, "पानभर पाहिजे, शास्त्रार्थ नको," तेही सांगत आलो. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीत काही अर्थ नाही. पानावर तीन बोटं जागा होती. मी बोरू उचलून त्या जागेकडे पाहत बसलो होतो. कारभाऱ्यांना काय हवं आहे ते मला कळत होतं. शिरस्तेदाराची जागा रिकामी होणार होती, तेही कळत होतं. आणि लाजिरवाणी गोष्ट ही, की त्या दोन ओळींनी पानाची ऐट जात होती. सबंध पान ठाम, आणि शेवटी 'कुळास विचारावी'. मग आम्हाला देवासला कशाला पाठवलं होतं, असं कोणी म्हटलं असतं. मी ओल्या शाईवर वाळू टाकली, झटकली आणि कागद पुढे सरकवला. दत्तूचा मूळ कागद दप्तरात बांधायला हवा होता, तो घरी आणून पेटीत ठेवला. जाळला का नाही, ते मला अजून सांगता येत नाही.

निकाल झाला: नाव इकडचं, तेव्हा कूळही इकडचं, इथेच चाकरीला ठेवलेलं. त्यात दत्तूचं नाव आलं, 'देवासचे विद्वान मास्तर यांच्या अभिप्रायान्वये'. पुढच्या नवरात्राच्या आत पनिहारे बावडीकाठचं घर सोडून लोहारद्याकडे कुणाच्या शेतावर राबायला गेले. जाताना खंडूबाबा देवासला दत्तूच्या ओसरीपाशी थांबला. हे मला वहिनींनी सांगितलं. तो वर चढला नाही. खालूनच म्हणाला, "मास्तर, तुमच्या हातून असं काय लिवलं गेलं, की आमची घागर गेली?" दत्तू म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला विचारा असं लिहिलं होतं." म्हातारा म्हणाला, "मी तर तिथंच बसलो होतो."

त्यानंतर महिन्याभरात दत्तू धारेला आला. तीच आमची शेवटची भेट. महूपर्यंत रेल्वे, तिथून दिवसभर टांगा, अंगावर धूळ. त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "केशवा, माझ्या कागदाला शेवटी दोन ओळी होत्या."

मी म्हटलं, "असतील."

"असतील नव्हे. होत्या. मूळ कागद कुठे आहे?"

"दप्तरात असेल. बघावं लागेल."

पेटी त्याच्या पाठीमागे, तीन हातांवर होती. तो माझ्याकडे पाहत राहिला. आम्ही सतरंजीवर शेजारी बसायचो तेव्हा त्याची पाटी पाहून मी उत्तर लिहिलं, तर तो असाच पाहायचा, रागावून नाही, मी स्वतः पुसतो का ते बघत. मग म्हणाला, "बघ. सापडला तर कळव." आणि गेला. माझी बायको आतून गूळपाणी घेऊन आली तेव्हा दारात कोणी नव्हतं.

सहा महिन्यांनी त्याचं पत्र आलं. तो लोहारद्याला जाऊन आला होता, तेही बैलगाडीने, शाळेची रजा काढून. खंडूबाबा अंथरुणावर होता, पण बोलत होता. दत्तूने पहिल्यांदा क्षमा मागितली आणि मग विचारलं, "बाबा, तुम्ही मूळचे कुठले?" म्हातारा म्हणाला, "ही बात सांगायला तर मी आलो होतो." नीरेच्या काठचं गाव, गावाच्या विहिरीचं नाव, फौजेच्या पखाली वाहत निघालेला पणजोबाचा बाप. आणि घागरीनंतरची ती ओंजळ पितरांची नव्हे. निघताना त्या पूर्वजाने गावच्या विहिरीला शब्द दिला होता, की जिथे जाईन तिथलं पहिलं पाणी आधी तुला. म्हणून दक्षिणेकडे तोंड. पाच पिढ्या दरसाल साऱ्या गावादेखत पुरावा दिला जात होता, आणि आम्ही सनद शोधत होतो.

पत्राच्या शेवटी दत्तूने लिहिलं होतं, की फेरचौकशीचा अर्ज देता येईल, मुदत अजून आहे. फक्त मूळ कागद पाहिजे आणि नकलेत ओळी राहिल्या असं तुझं दोन वाक्यांचं निवेदन. 'राहिल्या' असा शब्द त्याने योजला होता. गाळल्या असं लिहिलं नव्हतं. मला वाट करून दिली होती.

मी उत्तर दिलं नाही. त्याच आठवड्यात मला शिरस्तेदाराची जागा मिळाली. मुदत गेली. खंडूबाबा त्या पावसाळ्यात लोहारद्यालाच वारला, हे मला कचेरीतल्या माणसांच्या बोलण्यातून कळलं. दत्तूने पुन्हा लिहिलं नाही. देवासात लोक त्याला 'पाणी तोडणारे मास्तर' म्हणत. काही घरांतून मुलांची शिकवणी बंद झाली, तिथल्या गुरवाने देवळात प्रसाद हातावर न देता खाली ठेवला. ज्याच्यामुळे हे होतंय त्याचं नाव तो एका वाक्यात सांगू शकला असता. त्याने कुणापाशी सांगितलं नाही, वहिनींपाशीसुद्धा नाही. मला हे माहीत आहे, कारण मागच्या पंधरवड्यात मी देवासला गेलो तेव्हा वहिनी माझ्याशी पूर्वीसारखंच बोलल्या.

त्या आतल्या दाराआड बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही येत नव्हता, मी विचारायचे. ते म्हणायचे, केशवाला कचेरीत काम फार." मग म्हणाल्या, "दोऱ्या तुम्ही घेऊन जा. इथे कोण वाचणार? माझे दादा बंब पेटवायला नेतील." मी दोन्ही दोऱ्या खुंट्यांवरून काढल्या. लाल जड होती. पांढरी निम्मीही नव्हती. ओसरीच्या भिंतीवर दोऱ्यांच्या जागी दोन उभ्या, स्वच्छ पट्ट्या राहिल्या. पायरीकडे मी पाहिलं नाही.

धारेला येऊन पांढरी दोरी वाचली. खंडूबाबाची चिठ्ठी होती, 'पनिहारे', खाली गावाचं नाव, विहिरीचं नाव, आणि त्याखाली, 'विचारले. उशिरा विचारले.' तिच्यानंतर एकच चिठ्ठी, दोरीवरची शेवटची. अक्षर त्याचंच, ठसठशीत. वर शब्द, 'दोन ओळी'. खाली, 'कुठे गेल्या? केशवास विचारावे.' त्याच्याखाली तीन बोटं जागा सोडलेली.

हे लिहून काही व्हायचं नाही हे मला कळतं. बावडीकाठच्या घरात आता दुसरे राहतात. पहिली घागर दुसरा माणूस ओततो, नीट पूर्वेकडे तोंड करून, आणि गुरव खूश आहे. पनिहाऱ्यांची पोरं हिंदी बोलतात म्हणे, ओंजळीचं त्यांना कोणी सांगितलं असेल का, कोण जाणे. लोहारद्याला जाऊन त्यांना भेटावं असं मनात आलं, पण काय घेऊन जाऊ? मूळ कागद आता कुठल्याच कचेरीत चालणार नाही. त्या दोन ओळी वर छापायला दिल्या, कारण कुठे तरी त्या सबंध असाव्यात. त्या वाचायला जे हवे होते ते दोघेही नाहीत. वहिनींना कोणी हा लेख वाचून दाखवला, तर त्या माझ्याशी बोलतील असं मला वाटत नाही. बोलू नयेच.

पांढरी दोरी माझ्या खोलीत खुंटीवर टांगली आहे. काल दुपारी ती शेवटची चिठ्ठी भरायला घेतली. आधी वाटलं, सोडवून चौरंगावर ठेवावी आणि नीट अक्षरात लिहावं. पण तिच्याखालची गाठ त्याच्या हातची आहे. सोडवली तर पुन्हा तशी मला बसवता यायची नाही. मग दोरी होती तशीच राहू दिली, चिठ्ठी भिंतीवर डाव्या तळहाताने दाबून धरली आणि उभ्यानेच लिहिलं, 'मी गाळल्या.' दोनच शब्द, तेही वाकडे आले. खाली जागा उरली आहे.